मोगऱ्याला ताण का द्यायचा?

पौष संपत आला की आमच्या इमारतीतल्या काकू मला गच्चीवर गाठतात. प्रश्न दरवर्षी तोच. "अगं, माझा मोगरा कसा हिरवागार झालाय बघ. रोज न चुकता पाणी घालते, महिन्याला खत घालते, पण कळी म्हणून दिसत नाही. तुझ्याकडे परडी भरून फुलं येतात ती कशी?"

मी म्हणते, "काकू, आता आठ-दहा दिवस पाणी घालूच नका. आणि मग तो छाटून टाका."

त्यांचा चेहरा पडतो. हाताने वाढवलेलं झाड तहानलेलं ठेवायचं आणि वर त्यालाच कात्री लावायची, हे कुणालाही जिवावर येतं. मलाही पहिली दोन-तीन वर्षं आलं होतं. पण आपल्याकडच्या वसंतातल्या फुलबागेचं खरं काम हेच आहे: थोडे दिवस हात आखडता घ्यायचा आणि मग योग्य वेळी मोकळा सोडायचा. यामागचं कारण एकदा कळलं की कात्री धरताना हात थरथरत नाही. ते कारण जमेल तितक्या सोप्या भाषेत इथे मांडते.

आधी वसंताबद्दलचा एक गैरसमज बाजूला ठेवू. बागकामाचे बरेचसे व्हिडिओ थंड देशांतले असतात. तिथला वसंत म्हणजे बर्फ वितळतं, जमीन ओली होते, झाडं झोपेतून उठतात. तिथल्या ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी तीनेक महिने कडक थंडी लागतेच. म्हणून ट्यूलिप श्रीनगरला बहरतो आणि पुण्या-नाशकात आणलेला कंद बहुतेक वेळा फक्त पानं दाखवून संपतो. आपल्याकडे उलट आहे. माघ-फाल्गुनात दिवस मोठा होत जातो, ऊन चढतं आणि जमीन सुकत जाते. तरीही नेमका त्याच वेळी पळस पेटतो, पांगारा आणि काटेसावर फुलतात, आणि तेही अंगावर जेमतेम पानं असताना. पाणी कमी, पानं कमी, फुलं मात्र उदंड. ही गोष्ट आपण लहानपणापासून बघतो, फक्त आपल्या कुंडीपर्यंत तिचा धागा जोडत नाही.

शेतकऱ्यांनी तो धागा केव्हाच जोडला आहे. संत्रा, मोसंबी, डाळिंब यांचा बहार 'धरावा' लागतो, हे विदर्भात किंवा सोलापूर-नाशकात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ही झाडं वर्षातून तीनदा फुलू शकतात. आंब्याला मोहोर येतो त्या सुमाराचा तो आंबे बहार, पावसाच्या सुरुवातीचा मृग बहार आणि पावसाळा सरतानाचा हस्त बहार. तिन्ही घेतले तर झाड थकतं आणि फळ धड होत नाही. म्हणून यातला एकच निवडायचा. तो कसा? हव्या त्या बहाराआधी पाणी तोडायचं, म्हणजे झाडाला ताण द्यायचा. झाड सुकलेलं दिसू लागतं, पानं गळतात, आणि मग मशागत करून, खत देऊन पाणी सोडलं की सगळ्या फांद्यांवर एकदम फूल निघतं. मोगऱ्याचं गणित याच घराण्यातलं आहे.

आता या ताणाने झाडाच्या आत काय होतं ते बघू.

झाडाचं घर दोन गोष्टींवर चालतं, कमाई आणि खर्च. पानं उन्हात साखर तयार करतात, ती कमाई. नवी पानं, नवे कोंब, लांबणाऱ्या फांद्या हा खर्च. रोज भरपूर पाणी आणि वर नत्राचं खत मिळत असेल तर झाड आलेली साखर लगेच नव्या पानांत घालतं. काकूंचा मोगरा याच अवस्थेत आहे. त्याचं उत्तम चाललंय, फक्त फुलण्याचं त्याला काही कारण नाही.

पाणी तोडलं की मुळांना आधी कळतं. तहानलेल्या झाडात ॲबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. तो एक निरोपच असतो: जपून राहा. पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटू लागतात, कोंबांची वाढ थांबते. मात्र इथे एक फार सुंदर गोष्ट आहे. पाण्याच्या टंचाईत वाढ आधी थांबते, साखर तयार होणं बरंच नंतर मंदावतं. म्हणजे मधले काही दिवस खर्च बंद आणि कमाई चालू. ही शिल्लक फांद्यांत आणि मुळांत साठत जाते. ताण देतो म्हणजे आपण झाडाला गंगाजळी साठवायला लावतो. ती साठली की छाटणी करून, पाणी देऊन ती एकदम मोकळी करायची.

आणि छाटणी का? कारण मोगऱ्याची कळी जुन्या लाकडावर येत नाही. ती नव्या फुटव्याच्या टोकाला येते. जितके नवे फुटवे, तितकी टोकं. जितकी टोकं, तितक्या कळ्या. फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे अजून न फुटलेल्या कोंबांना, दाबून ठेवतं. घरात एक मोठं माणूस बोलत असलं की बाकीचे गप्प बसतात, तसं. शेंडा कापला की ते दडपण उठतं आणि आजवर शेंड्याकडे जाणारी साखर खालच्या डोळ्यांना मिळते.

मोगऱ्याची एक फांदी हातात घेऊन बघा. पानं समोरासमोर, जोडीने असतात. प्रत्येक पानाच्या बगलेत तांदळाच्या कणीएवढा एक डोळा असतो. पानाच्या जोडीच्या जरासं वर कापलं की त्या जोडीतून दोन फुटवे निघतात. मोगऱ्याच्या कळ्या बहुधा तीन-तीनच्या झुपक्यात येतात. म्हणजे कापलेल्या एका फांदीवर दोन फुटवे आणि सहाएक कळ्या. दहा फांद्या कापल्या तर साठ. न कापलेल्या दहा फांद्यांवर फार तर तीस, त्याही कधी आल्या, कधी नाही.

आता प्रत्यक्ष काम. तमिळनाडूत मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरच्या शेवटी होते. इकडे पुण्यात मी जानेवारीच्या मध्याला पाणी कमी करायला लागते आणि महिनाअखेरीला कात्री हातात घेते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतं. मार्च उजाडला असेल तर ताण देऊ नका, उन्हाचाच ताण पुरेसा असतो; फक्त शेंडे खुडा.

ताण किती द्यायचा हे मातीवर आणि भांड्यावर आहे. जमिनीत, त्यातून काळ्या मातीत लावलेल्या मोगऱ्याला तीन-चार आठवडे सहज लागतात, कारण ती माती ओल धरून ठेवते. कोकणातल्या तांबड्या मातीत किंवा मुरमाड जागेत त्याहून कमी. कुंडीत आठ-दहा दिवस, मोठी कुंडी असेल तर बारा. पण दिवस मोजण्यापेक्षा पानं बघा. संध्याकाळी पानं मलूल दिसतील. ते ठीक आहे. सकाळी सहा-साडेसहाला पुन्हा जाऊन बघा. रात्रीतून ती उभारली असतील तर ताण बरोबर चाललाय. ज्या दिवशी सकाळीही पानं लोंबलेली दिसतील त्या दिवशी ताण संपला, आणखी एक दिवसही नको. मी एका वर्षी गावाला गेले, परत यायला चार दिवस उशीर झाला आणि आठ इंची कुंडीतला एक जुना मोगरा हातचा गेला. लहान कुंडीत माती थोडी असते, तिथे ताण आणि मरण यांत फार अंतर नसतं. म्हणून दहा इंचांहून लहान कुंडीला मी आता ताण देतच नाही, नुसती छाटते.

ताण पूर्ण झाला की आधी वाळक्या, काटकुळ्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढायच्या. उरलेल्या फांद्या साधारण अर्ध्यावर आणायच्या. जमिनीतलं झुडूप असेल तर दीडेक फूट उंची ठेवली तरी पुष्कळ. कात्री धारदार हवी, फांदी चिरडता कामा नये. मग राहिलेली पानंही हाताने खुडून टाकायची. हे करताना झाड अगदी बोडकं दिसतं आणि घरातलं कुणीतरी "काय केलंस हे!" म्हणतंच. म्हणू द्या.

यानंतर वरची दोन-तीन बोटं माती खुरपीने हलवून घ्या. दिवसभर तशीच उन्हात राहू द्या. मग दोन-तीन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक मूठ निंबोळी पेंड, असेल तर चमचाभर हाडांचा चुरा. पहिलं पाणी हलकं द्या, दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, तिसऱ्या दिवसापासून नेहमीसारखं. सुकलेल्या मातीवर एकदम बादली ओतली तर पाणी कडेकडेने खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

कॉफीच्या मळ्यात हेच निसर्ग स्वतः करतो. कोडगू आणि चिक्कमगळूरू भागात कॉफीच्या कळ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या कोरड्या दिवसांत झाडावर गपगार बसून असतात. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एक चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत अख्खा डोंगर पांढरा होतो. त्या फुलाचा वासही मोगऱ्याच्या जवळपास जाणारा असतो. कोरडेपणाने कळी थांबते आणि पाण्याने सुटते, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

माझ्या गच्चीवर छाटणीनंतर दोन-अडीच आठवड्यांत डोळे फुटतात आणि दीड-दोन महिन्यांत पहिला बहर येतो, म्हणजे चैत्राच्या तोंडाशी. कळ्या दिसू लागल्या की नियम पूर्ण उलटतो. आता ताण अजिबात नको. कळीच्या काळात कुंडी एकदा जरी खडखडीत वाळली तरी झाड कळ्या टाकून देतं. पाणी सकाळी लवकर द्या. उन्हाळ्यात गच्चीवरच्या नळीत साठलेलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापतं, ते आधी बाहेर सोडून द्यायचं, मग नळी कुंडीकडे न्यायची. मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर घाला. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या मी जवळजवळ सरकवून ठेवते, म्हणजे एकीची सावली दुसरीच्या अंगावर पडते आणि मुळं भाजत नाहीत. ऊन मात्र पाच-सहा तास हवंच. सावलीतला मोगरा कितीही छाटा, तो पानंच देणार.

पहिला बहर ओसरला की फुलं गेलेले शेंडे पानाच्या एका जोडीसह खुडा. तीन-चार आठवड्यांत पुन्हा कळ्या. असे दोन-तीन बहर पावसाआधी मिळतात.

या दिवसांत दोन तक्रारी येतात. पहिली, पान पिवळं पडतं पण शिरा हिरव्याच राहतात, आणि हे नव्या पानांवर दिसतं. ही लोहाची उणीव. मातीत लोह नसतं असं नाही; बोअरच्या जड पाण्याने आणि चुनखडीने ते अडकून पडतं, मुळांना घेता येत नाही. एक लीटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा. नवी पानं हिरवी निघाली की निदान बरोबर होतं. दुसरी तक्रार, कळी जांभळट पडते आणि तिला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं. आत कळी पोखरणारी अळी असते. अशा कळ्या खुडून झाडापासून लांब नष्ट करा आणि लीटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, त्यात दोन-चार थेंब साबणाचं पाणी मिसळून फवारा. पानांच्या खाली बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी; पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारला तरी बराच फरक पडतो.

मोगऱ्याचं सगळं असं असलं तरी हाच न्याय बागेतल्या प्रत्येक झाडाला लावायचा नाही, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. शेवंतीचं उदाहरण घ्या. तिला तहानेशी देणंघेणं नाही, ती रात्र मोजते. पुण्याला डिसेंबरात दिवस ११ तासांचा असतो, जूनमध्ये तो १३ तासांच्या थोडा वर जातो. रात्री पुरेशा लांबल्या की शेवंती कळी धरते, म्हणून तिची फुलं दिवाळीच्या पुढेमागे. झाडं दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखतात हे १९२० साली गार्नर आणि ॲलर्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका वाणावरून दाखवून दिलं. प्रत्यक्षात मोजली जाते ती रात्र, हे त्यानंतर उमगलं. त्यामुळे रस्त्याच्या दिव्याखाली ठेवलेली शेवंती कितीही लाड केले तरी अडून बसते. वसंतात तिच्याकडून फुलांची अपेक्षा ठेवू नका. जुनी खोडं चार बोटांवर कापा, बुडाशी आलेल्या काश्या, म्हणजे नवे फुटवे, वेगळ्या करून लावा आणि उन्हाळाभर त्या फक्त जगवा.

गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरात होऊन गेलेली असते. आता कडक छाटलात तर कोवळी फूट उन्हात करपते. सुकलेली फुलं तेवढी काढा. कुंदाला थंडीत फुलं येतात, ती संपली की त्याला छाटा. फुटबॉल लिलीचा कंद मात्र मोगऱ्याच्या बाजूचा: थंडीत पानं वाळली की त्याला विसरून जायचं, पाणी नाही, खत नाही. मे महिन्यात वळवाच्या सरीनंतर मातीतून सरळ लाल गोळा वर येतो, बरेचदा पानांच्याही आधी.

थंडीची हंगामी फुलं, म्हणजे पिटुनिया, फ्लॉक्स, डायँथस, कॅलेंडुला, मार्चमध्ये दमतात. ओढून ठेवण्यात अर्थ नाही. बी पूर्ण वाळल्यावर सकाळी नऊ-दहाच्या उन्हात काढा, दोन दिवस सावलीत पसरा, कागदी पुडीत भरून वर नाव आणि महिना लिहा. मोकळ्या झालेल्या कुंड्यांत झिनिया पेरा किंवा ऑफिस टाइम या फुलझाडाचे तुकडे खोचा.

आणि हे सगळं ज्याच्यासाठी केलं, त्याबद्दल.

दुपारी चारच्या सुमाराला गच्चीवर जा. आजची कळी आणि उद्याची कळी यांत फरक आहे, आणि तो एकदा डोळ्यांना कळला की परत विसरत नाही. उद्याची कळी हिरवट, टणक असते. आजची दुधासारखी पांढरी, टपोरी, आणि तिची मान लांबलेली असते. तीच खुडायची. आता नाकाशी धरा: वास जवळजवळ नाहीच. ओल्या मलमलच्या फडक्यावर, पितळी ताटात पसरून ठेवा. दिवेलागणीला एकेक पाकळी सुटायला लागते आणि तासाभरात खोली भरून जाते. ज्या द्रव्यांचा तो वास असतो, म्हणजे बेंझिल ॲसिटेट, लिनालूल आणि थोडंसं इंडोल, ती कळी उमलू लागल्यावरच मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. पांढरा रंग आणि रात्रीचा वास ही पतंगांना बोलावण्याची तयारी. कळी खुडली तरी ती ठरल्या वेळी उमलते. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगड भागातले शेतकरी कळ्याच खुडून दादरच्या फूलबाजारात पाठवतात आणि संध्याकाळी त्या कुणाच्या तरी वेणीत फुलतात, ते याच जोरावर. चीनमधल्या फूजौला हीच कळी रात्री चहाच्या पत्तीत मिसळतात. रात्रभर फूल वास सोडतं, पत्ती तो पिऊन घेते.

आमच्याकडे पहिला बहर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जातो. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी आणि प्रत्येकीच्या हातात चार मोगऱ्याची फुलं. चार-चार फुलं वीस-पंचवीस जणींना पुरायची तर ऐंशी-शंभर कळ्या एकाच दिवशी हव्यात, आणि त्या मिळतात कारण सगळ्या फांद्या एकाच दिवशी छाटलेल्या असतात. दोन कळ्या माठात. बाकीच्या उशाशी.

छाटलेल्या फांद्या मी टाकत नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, तीन-चार जोड्यांचे तुकडे करून, खालची पानं काढून ओल्या वाळूत सावलीला खोचते. यंदा बारा खोचले होते, सात जगले. त्यातला एक मदनबाण या मोगऱ्याच्या जातीचा आहे, काकूंच्या नावाने बाजूला ठेवलाय. पहिला पाऊस झाला की त्यांच्या खिडकीत जाईल.